पंधरावी दुपार

आई, सात वर्षं आपण ज्या गोष्टीवरून भांडलो, तिच्यात सासू नव्हतीच. सूनही नव्हती. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, "हाव का? मग तू कोणाची बाजू घेऊन भांडून राहिली होती इतके दिवस?"  

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. जलदानविधीला आलेली माणसं आपापल्या घरी गेली. शेजारच्या कॅरी गावातल्या मैत्रिणींचे डबे घासून ओट्यावर उपडे ठेवलेत, परत द्यायचेत. इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये पाइनचा पिवळा पराग उडायला लागलाय. दर वर्षी तुम्ही माझ्या गाडीच्या काचेवर बोटानं 'धुवा' असं लिहून ठेवायचात, या वर्षी काच नुसतीच पिवळी आहे. आनंद सकाळी अजून तीन कपांचा चहा टाकतो आणि तिसरा कप आम्ही दोघं वाटून घेतो.

पण मला बोलायचंय ते शांघायबद्दल. त्याबद्दल आपलं एक बोलणं राहून गेलंय, आणि चूक माझी आहे.

आनंदच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलं, तेव्हा मी इथली शाळेतली नोकरी सोडून त्याच्याबरोबर गेले. सगळे म्हणाले, मजा आहे तुझी. मजा कसली, सकाळी आठला नवरा ऑफिसला गेला की मी बाविसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून दुसऱ्या बाविसाव्या मजल्यांकडं बघत बसायचे. तेवढ्यात तुम्ही आलात, नागपूरहून, तीन महिन्यांसाठी. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. खरं सांगते, मला तुमची धास्ती वाटायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण आपण दोघीच एका घरात कधी राहिलो नव्हतो. तुम्ही बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. मी पोळी लाटत असले की तुम्ही ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या, काही म्हणायच्या नाहीत आणि निघून जायच्या. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

आनंदनं तुम्हाला शांघाय दाखवायचा चंग बांधला होता. मोठ्या थिएटरात बॅले दाखवला, मध्यंतराआधीच तुमची मान पडली. बाहेर आल्यावर म्हणालात, "पोरी गुणाच्या हायेत, पण बोलतच नाही ना बापा कोणी." मग कसरतींचा खेळ. एक मुलगी सात खुर्च्यांच्या उतरंडीवर एका हातावर उलटी उभी राहिली आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवत असताना तुम्ही पदर डोळ्यांवर घेतला. "झालं का तिचं? उतरली का ती?" असं मला तीनदा विचारलंत. आनंद हिरमुसला. म्हणाला, आईला काही आवडतच नाही यार.

आणि आवडलं ते कुठं सापडलं, तर बाथरूम शोधताना. आठवतं ना? जुन्या शहरातल्या त्या गल्लीत तुम्ही अचानक थांबलात आणि म्हणालात, वैशाली, आता मले चालवत नाही, आधी जागा शोध. मी समोरच्या जिन्यावरून तुम्हाला वर नेलं. वर खिडकीत बसलेल्या बाईला मी माझ्या मोडक्या चिनीत समजावत होते, तोवर तुम्ही दोन बोटं दाखवलीत, म्हणजे आम्हाला दोघींनाही जायचंय. तिनं दोन तिकिटं फाडली आणि दोन ग्लास चहा हातात दिले. बाथरूम आत होतं, म्हणून आपण आत गेलो. आणि आत गेलो ते दोन तासांनी बाहेर आलो.

लांबट खोली, लाकडी टेबलं, सगळी सत्तरीपुढची म्हातारी मंडळी. कोणी घरून आणलेल्या बरणीतून चहा पितंय, कोणी सूर्यफुलाच्या बिया फोडतंय, एक आजोबा तर चक्क घोरतायत. समोर छोट्या स्टेजवर एक टेबल, त्याच्या एका बाजूला लांब झगा घातलेला पुरुष तीन तारांचं वाद्य घेऊन, दुसऱ्या बाजूला रेशमी कपड्यांतली बाई, तिच्या मांडीवर पीपा, म्हणजे त्यांची उभी धरायची वीणा म्हणा. दोघं बसूनच गोष्ट सांगत होते. मधेच बोलणं, मधेच गाणं. तो पुरुष एकटाच म्हातारा व्हायचा, तरुण व्हायचा, फौजदार व्हायचा, नुसती मान वळवून आणि पंखा उघडून. मला वाटलं तुम्ही पाच मिनिटांत उठाल. तुम्ही पुढं सरकून बसलात, पर्समधला आनंदचा जुना फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलंत आणि माझ्या हातावर हात ठेवलात, पहिल्यांदाच. "हे तं आमच्या घरचं हाय," म्हणालात.

मग परतताना मेट्रोत सगळं सांगितलंत. तुमचे वडील जलसा करायचे, गावोगावी वस्त्यांमध्ये जाऊन समतेचा विचार गाण्यांतून आणि सोंगांतून सांगायचे. तुम्ही सात-आठ वर्षांच्या, कोरसमध्ये मागं उभ्या राहून धृपद उचलायच्या. वडील असेच एकटे चार-चार जणांचे आवाज काढायचे. लग्नानंतर तुम्ही टेलिफोन एक्सचेंजमधली नोकरी सोडलीत आणि गाणंही. एवढी वर्षं मला यातलं काहीही माहीत नव्हतं. आनंदलाही नव्हतं.

दाराशी लावलेला कागद मी फोनवर भाषांतर करून वाचला. पंधरा दिवसांची एक गोष्ट, रोज दुपारी दीड वाजता. आपण योगायोगानं पहिल्याच दिवशी शिरलो होतो. "मग पंधराही दिवस यायचं," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, आई, अहो, एक अक्षर कळत नाही. मी शिकले ती चिनी वेगळी, हे कुठल्या तरी सूचौच्या बोलीत बोलतायत. तुम्ही म्हणालात, "तुले कळत नसेल."

आणि मग आपण गेलो. रोज. मी आयुष्यात कुठल्या गोष्टीसाठी इतकी धावत मेट्रो पकडली नसेल. रोज तो माणूस ऐन मोक्याच्या जागी टेबलावर लाकडी ठोकळा आपटून उठून जायचा, म्हातारे हळहळायचे आणि आपण दोघीही हळहळायचो, कशासाठी ते न कळता. परतीच्या वाटेवर भांडण सुरू. तुमच्या मते ती बाई सासू होती आणि रागाच्या भरात सुनेला घालवून देत होती, पण शेवटी स्वतः जाऊन तिला परत आणणार होती. माझ्या मते सून आपण होऊन निघाली होती आणि परत येणार नव्हती. सहाव्या दिवशी त्या पीपावालीनं असं काही रडं गायलं की तुम्ही पदरानं आणि मी टिश्यूनं डोळे पुसले. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "पाह्य, सासूले पस्तावा झाला." मी म्हटलं, कशाचा पस्तावा, सुनेच्या वाटेला आलेलं रडं आहे ते. जिन्यावर उभं राहून आपण इतक्या मोठ्यानं बोलत होतो की तिकीटवाली बाई खिडकीतून डोकं काढून बघायला लागली.

ती तिकीटवाली तुमची मैत्रीण झाली. तीच चहाचं गरम पाणी घेऊन फिरायची. तुम्ही रोज आत शिरताना हात जोडून तिला 'जयभीम' म्हणायचात, चौथ्या दिवसापासून तीही म्हणायला लागली, आधी, तुम्ही म्हणायच्या आत. ती आपल्याला बघून म्हणायची, 'न्यूअर', म्हणजे मुलगी. मी लगेच दुरुस्त करायचे, न्यूअर नाही, अर्शी, सून. रोज ती न्यूअर म्हणायची आणि रोज मी दुरुस्त करायचे. मास्तरीण ना मी. तिनं एकदा विचारलं, घरात आणखी कोण? मी तुम्हाला दोन शब्द शिकवले. 'अर्झ' म्हणजे मुलगा आणि 'शांगबान' म्हणजे कामावर गेलाय. ते तुम्ही इतक्या अभिमानानं म्हणायला लागलात की फळवालीला, लिफ्टमधल्या शेजाऱ्याला, कोणी न विचारता सांगत सुटायच्या. अर्झ, शांगबान.

आणि तो बागेतला रविवार. झाडाखाली म्हातारेकोतारे दोन तारांची वाद्यं घेऊन बसलेले, ज्याला हवं त्यानं पुढं येऊन गायचं. आनंद व्हिडिओ काढत होता. एका आजोबांनी तुम्हाला खूण केली, या. मी म्हणणार होते नको नको, तोवर तुम्ही पिशवी माझ्या हातात देऊन पुढं गेला होतात. वडिलांच्या जलशातलं गाणं गायलात, टाळी वाजवत. आवाज फाटत होता, पण ताल सुटला नाही. ती मंडळी टाळी उचलून धरत गेली. आनंदनं व्हिडिओ बंद केला आणि तसाच उभा राहिला. मी तुम्हाला घरी आल्यावर विचारलं, इतकी वर्षं का गायला नाहीत? तुम्ही म्हणालात, "इथं मले ओळखते कोण?"

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मला फोन आला. तिथल्या एका शाळेत मी कधीचा अर्ज टाकून विसरले होते. त्यांची सायन्सची टीचर अचानक सोडून गेली होती, उद्या दुपारी येऊन एक तास घेऊन दाखवाल का? मी हो म्हणून फोन ठेवला आणि मग तुमच्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी गोष्टीचा शेवट होता. तुम्ही फक्त म्हणालात, "जा." त्यात राग होता की काय होतं, मला कळलं नाही. मी धरून चालले की राग आहे.

दुसऱ्या दिवशी मी तास घेतला, चांगला झाला, नोकरी मिळाली. नाचत घरी आले तर तुम्ही सोफ्यावर बसलेल्या, स्वेटरही न काढलेल्या, दमल्यासारख्या. मी सांगितलं. "बरं झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आई, माझ्यासाठी एक दिवस बुडला तर काय बिघडलं? एक गोष्टच होती ना, तीही न कळणारी?" तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "काहीच नाही बिघडलं." मी आत जाऊन दार लावलं. जोरात लावलं.

त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. तुम्ही परत गेलात, आम्ही अमेरिकेत परतलो, मग तुम्ही कायमच्या आमच्याकडं आलात. पाच वर्षं या घरात राहिलात. आपलं छान चाललं होतं, आई. मिरच्यांवरून, माझ्या गाडी चालवण्यावरून, पोळीच्या कणकेवरून आपण मोकळेपणानं भांडलो. त्या गोष्टीवरूनही. रविवारी ग्रोसरीला जाताना गाडीत तुम्ही मुद्दाम काढायच्या, "सासू तिले घेऊन आलीच शेवटी." मी म्हणायचे, तुम्हाला काय माहीत? शेवट आपण बघितला कुठं? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "मले माहीत हाय." मला वाटायचं, हट्ट. कधी वाटायचं, टोचून दाखवतायत, तो बुडलेला दिवस.

जलदानाच्या आदल्या दिवशी फ्रेम करायला फोटो हवा होता म्हणून मी तुमची पर्स उघडली. आनंदचा जुना फोन निघाला, तुम्ही गाणी रेकॉर्ड करायला घेतलेला. चार्ज केला. फोटो शोधता शोधता रेकॉर्डिंगची यादी उघडली. रोजच्या दुपारचं एकेक रेकॉर्डिंग. पंधरा होती. मी परत मोजली. आपण गेलो होतो चौदा दिवस.

पर्सच्या आतल्या कप्प्यात तुमची छोटी वही होती. एका पानावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: खाली उतरणे. फळवालीपासून उजवीकडे. हिरवी मेट्रो. तीन स्टेशन, चौथ्यावर जायचे नाही. वर आल्यावर औषधाचे दुकान, मग गल्ली. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित: आज दोन बोटे नाही. एक बोट दाखवणे.

मी पर्स मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. अडीच कोटींच्या शहरात, चिनी अक्षर न वाचता येणाऱ्या, गुडघा दुखणाऱ्या तुम्ही, एकट्या. आणि त्या संध्याकाळी स्वेटर का काढला नव्हतात, ते मला सात वर्षांनी कळलं. का नाही सांगितलंत? मी चिडून दार लावलं तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. कदाचित मी शाळेतल्या कौतुकानं भरभरून बोलत होते, त्यात तुम्हाला तुमचं मधे आणायचं नव्हतं. किंवा शेवट तुम्हाला एकटीला माहीत असणं आवडलं असेल. दोन्ही तुम्हाला शोभणारं आहे.

शू आजी जलदानाला आल्या होत्या. तुमच्या तळ्याकाठच्या फेऱ्यांच्या मैत्रीण, ज्यांना तुम्ही कोथिंबीर द्यायच्या आणि त्या तुम्हाला कांद्याची पात. तुम्ही मराठीत बोलायच्या आणि त्या चिनीत. त्रिशरण होईपर्यंत त्या मागं पांढरी शेवंती घेऊन बसल्या होत्या. त्यांची मुलगी हेलन मला इंग्लिशमध्ये म्हणाली, माझी आई सूचौजवळची आहे, तुमच्या सासूबाई तिला त्यांच्याकडचं गाणं गुणगुणून दाखवायच्या.  ज्या बोलीतल्या गोष्टीवरून आपण दोघी सात वर्षं भांडलो, ती बोलणारी बाई तुमच्याबरोबर रोज तळ्याला फेऱ्या मारत होती आणि आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

परवा मी फोन घेऊन त्यांच्याकडं गेले. शू आजी ऐकायच्या, हेलनला सांगायच्या, हेलन मला. मधले तुकडे पुढं सरकवत दुपारभर ऐकलं. आई, ते दोन दुकानदार होते. एका गल्लीतले. एकाचं व्हिनेगरचं दुकान, दुसऱ्याचं कापडाचं, आणि भांडण वाळत घातलेल्या कापडाला व्हिनेगरचा वास लागतो यावरून. सहाव्या दिवशी आपण डोळे पुसले ते, होडी उलटून बुडालेल्या व्हिनेगरच्या रांजणांसाठी. हे ऐकून मी इतकी हसले की शू आजींनी मला पाणी दिलं. मग रडले, तेव्हा पाणी हातातच होतं. शेवटी काय होतं, मी विचारलं. हेलन म्हणाली, शेवटी दोघं एका टेबलावर बसून चहा पितात. माफी कोणीच मागत नाही.

तुम्ही तो शेवट बघितला होता. दोन माणसं समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याच्या कपात चहा ओततो, हे कळायला बोली लागत नाही. त्यावरून तुम्ही ठरवलंत, सासू सुनेला घेऊन आली.

ठोकळा वाजला, टाळ्या झाल्या, हेलन फोन बंद करायला गेली. पण तुम्ही रेकॉर्डिंग थांबवायला विसरला होतात. खुर्च्या सरकल्याचे आवाज, बरण्यांची झाकणं. मग 'जयभीम'. तिकीटवालीचा आवाज. ती साध्या चिनीत बोलत होती, सावकाश, तुमच्यासाठी, आणि ते कळायला मला शू आजींची गरज नव्हती. ती विचारत होती, आज एकट्याच? मुलगी कुठंय?

 मी समोर असते तर दुरुस्त केलं असतं. मग तुमचा आवाज आला, बागेत गाताना होता तसा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"न्यूअर," तुम्ही म्हणालात. "शांगबान."

माझी रजा संपली, आई. सोमवारपासून मी शाळेत जातेय. तुम्हाला कोणी विचारलं तर सांगा. तुम्हाला येतं सांगता.